उडत्या स्पॅगेटीच्या देवाचा सवाल कोणाला आहे?

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या शिक्षण मंडळाला २००५ मध्ये एक जाहीर पत्र आलं. लिहिणारा बॉबी हेंडरसन, ओरेगन स्टेट विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतलेला तरुण. मंडळ तेव्हा जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमाला हात घालत होतं. सजीवांची रचना इतकी गुंतागुंतीची आहे की ती कोणा बुद्धिमान कर्त्यानेच केलेली असणार, या 'इंटेलिजंट डिझाइन' नावाच्या विचाराला विज्ञानाच्या वर्गात जागा करून द्यायची, असा बहुसंख्य सदस्यांचा कल होता. हेंडरसनने कळवलं, माझा पाठिंबा आहे, फक्त तो कर्ता म्हणजे उडता स्पॅगेटी राक्षस, असं मी आणि माझ्यासारखे बरेच जण मानतो. तेव्हा वर्गातल्या वेळाचे तीन सारखे भाग करा: एक इंटेलिजंट डिझाइनला, एक आमच्या स्पॅगेटीच्या देवाला आणि एक ढीगभर पुराव्यांवर उभ्या असलेल्या तर्काला.

हे पत्र आजही बारकाईने वाचण्यासारखं आहे. त्यात एक शास्त्रज्ञ एका जुन्या वस्तूतलं कार्बन-१४ मोजतो आणि ती सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची आहे असा निष्कर्ष काढतो. त्याला ठाऊक नसतं की प्रत्येक मोजणीच्या वेळी देव तिथे हजर असतो आणि आपल्या शेवयांच्या हाताने आकडे बदलतो. सोबत एक आलेख आहे: एकोणिसाव्या शतकापासून समुद्री चाच्यांची संख्या घटत गेली आणि पृथ्वीचं तापमान वाढत गेलं, म्हणजे चाचे कमी झाल्यामुळेच तापमान वाढलं. वाचणारा हसतो, पण प्रत्येक विनोद एका खऱ्या युक्तिवादाच्या मापाने बेतलेला आहे. 'पुरावा आमच्या विरुद्ध दिसतो, कारण देवानेच तो तसा दिसेल असा ठेवला आहे' हे म्हणणं सृष्टिवादी, म्हणजे सगळी सृष्टी देवानेच घडवली असं मानणारे, गंभीरपणे मांडत आले आहेत. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणजे एक दुसरीचं कारण, हा घोटाळा तर कुठल्याही गावात सापडतो. मंडळाच्या ज्या सदस्यांचा बदलाला विरोध होता त्यांच्याकडून कौतुकाची उत्तरं आली. एका सदस्याने मात्र कळवलं की देवाची थट्टा हा गंभीर अपराध आहे.

तेव्हापासून दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, या विडंबनाने धर्मश्रद्धेतला पोकळपणा उघडा पाडला. दुसरा म्हणतो, ही पोरकट टवाळी आहे, हिच्यात विचार नाही. मला दोघांचंही म्हणणं चुकीचं वाटतं, कारण पत्र कोणाला लिहिलं होतं याकडे दोघेही पाहत नाहीत. ते चर्चला लिहिलेलं नव्हतं, रविवारी प्रार्थनेला जाणाऱ्या माणसांना लिहिलेलं नव्हतं. ते एका सरकारी मंडळाला लिहिलं होतं आणि त्याच्या हातात सार्वजनिक शाळांचा अभ्यासक्रम होता. विडंबन-धर्माला सरकारला विचारण्यासारखा एक बिनतोड सवाल आहे. भाविकाला विचारायला त्याच्याकडे फारसं काही नाही.

कॅन्ससमध्ये हा बाण इतका नेमका का लागला, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुइझियाना राज्याचा एक कायदा रद्द केला. उत्क्रांती शिकवायची तर 'सृष्टिविज्ञान'ही शिकवलंच पाहिजे, असं तो कायदा सांगत होता. न्यायालय म्हणालं, हा धर्म आहे आणि सरकारला तो शाळेत शिकवता येणार नाही. मग सृष्टिवाद्यांनी एक मोठी चलाख गोष्ट केली. कर्त्याचं नावच काढून टाकलं. कर्ता कोण, याबद्दल आम्ही काहीच म्हणत नाही. रचनेवरून रचनाकार सिद्ध होतो, एवढंच आमचं विज्ञान. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावात इंटेलिजंट डिझाइन शाळेत आणण्याविरुद्ध झालेल्या खटल्यात याचा लेखी पुरावाच पुढे आला. त्या गावच्या शाळेत मुलांना जे पूरक पुस्तक सुचवलं जात होतं, त्याचे जुने मसुदे कोर्टात मागवले गेले. १९८७ च्या निकालानंतर त्यात 'क्रिएशनिस्ट्स' (सृष्टिवादी) हा शब्द खोडून जागोजागी 'डिझाइन प्रपोनंट्स' (रचनेचे पुरस्कर्ते) घातलेला आढळला. एका मसुद्यात तर घाईत जुना शब्द नीट खोडला गेला नव्हता आणि दोन्ही शब्दांचे तुकडे एकमेकांत अडकून छापले गेले होते.

आता हेंडरसनने काय केलं ते पाहा. इंटेलिजंट डिझाइनवाल्यांनी कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवली होती, आपला देव बाहेर उभा आहे आणि वेळ आली की आत येऊन बसेल या भरवशावर. हेंडरसनने त्या खुर्चीवर स्पॅगेटी आणून बसवली. 'कर्ता कोण ते आम्ही सांगत नाही' हे तुमचं म्हणणं प्रामाणिक असेल, तर आमच्या कर्त्याला हरकत घेता येणार नाही. हरकत घेतलीत, तर तुमच्या मनात एक ठरावीक देव आधीपासून होता हे कबूल करावं लागेल, आणि तो धर्म आहे हे १९८७ मध्येच ठरलेलं आहे. या कोंडीतून बाहेर पडायला वाट नाही. प्रतिपक्षाचं विधान मान्य करून त्याच्यातूनच त्याला नको असलेला निष्कर्ष काढायचा, ही तर्काची जुनी आणि पूर्ण सभ्य रीत आहे. विडंबनाने इथे मुद्दा मांडला का, असा प्रश्नच उरत नाही. इथे विडंबन हाच युक्तिवाद होता.

आपल्याकडे ही रीत परकी नाही. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी चार्वाकांची म्हणून जी वचनं नोंदवून ठेवली, त्यात हीच पद्धत आहे. ज्योतिष्टोम यज्ञात मारलेला पशू थेट स्वर्गाला जातो ना, मग यजमान स्वतःच्या बापालाच का बळी देत नाही? श्राद्धाचं जेवण मेलेल्याला पोहोचतं, तर प्रवासाला निघालेल्याच्या पाठीवर शिदोरी कशाला, घरी पान वाढलं की झालं. तुमचाच नियम आणखी एक पाऊल पुढे नेऊन दाखवायचा, बाकी काही बोलायचं नाही. हसू आपोआप येतं.

पण स्पॅगेटीच्या यशाची गोष्ट फुगवूनही सांगितली जाते. कॅन्ससच्या मंडळाने पत्राला न जुमानता नोव्हेंबर २००५ मध्ये सहा विरुद्ध चार मतांनी बदल मंजूर केले आणि विज्ञानाची व्याख्याच अशी सैल केली की नैसर्गिक कारणांची मर्यादा तिला राहिली नाही. ते मागे घेतले गेले फेब्रुवारी २००७ मध्ये, निवडणुकीत मंडळाचं बहुमत बदलल्यावर. डोव्हरमध्ये अकरा पालक कोर्टात गेले, शास्त्रज्ञांनी साक्षी दिल्या, आणि न्यायाधीश जॉन जोन्स यांनी २० डिसेंबर २००५ रोजी १३९ पानी निकाल दिला की इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही. जोन्स यांची नेमणूक जॉर्ज बुश यांनी केली होती, आणि खुद्द बुश त्याच ऑगस्टमध्ये दोन्ही बाजू शिकवाव्यात असं म्हणाले होते. काम पालकांनी, वकिलांनी आणि मतदारांनी केलं. विडंबनाने लोकांना मुद्दा चटकन समजावून दिला, तो लढवला दुसऱ्यांनी.

यानंतर विनोदाचा पंथ झाला, आणि इथून माझा त्याच्याशी मतभेद सुरू होतो.

ऑस्ट्रियात निको आल्म नावाच्या गृहस्थांनी २०११ मध्ये या पंथाचं धार्मिक शिरोभूषण म्हणून डोक्यावर पास्ता निथळायची चाळणी घातलेला फोटो लावून वाहन परवाना मिळवला. तीन वर्षं पाठपुरावा केला, मानसिक आरोग्याचीही तपासणी दिली. सरकारचं म्हणणं असं की धर्माचा काही संबंध नाही, फोटोत चेहरा पूर्ण दिसतो म्हणून परवाना दिला. आल्म पुढे संसदेत निवडून गेले. नेदरलँड्समध्ये निमेगनच्या कायद्याच्या एका विद्यार्थिनीने तीच मागणी केली. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने ती फेटाळली आणि २०२१ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानेही दाद दिली नाही. धार्मिक कारणाने डोकं झाकणाऱ्यांना ओळखपत्राच्या फोटोत सूट मिळते, मग आम्हाला का नाही, असा या मंडळींचा सवाल.

ऐकायला तो कॅन्ससच्या सवालासारखाच वाटतो, पण तसा नाही. कॅन्ससमध्ये एका श्रद्धेला सरकारची मोहोर हवी होती, आणि ती दुसऱ्यांच्या मुलांवर उमटणार होती. फोटोतल्या सुटीत कोणावर काहीच लादलं जात नाही. सगळ्यांसाठी केलेला एक नियम काही जणांना इतरांपेक्षा फार जड जातो, एवढं ओळखून त्यांना मोकळीक दिलेली असते. शीख माणूस पगडी फोटोपुरती घालत नाही. ब्रिटनमध्ये पगडीधारी शिखांना मोटारसायकलवर हेल्मेटच्या सक्तीतून सूट देणारा कायदा १९७६ मध्ये झाला, तो त्यांनी दंड भरून, कोर्टाच्या पायऱ्या चढून मिळवला. फ्रान्समध्ये सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांना बंदी करणारा २००४ चा कायदा आल्यावर पगडी उतरवायला नकार देणाऱ्या शीख मुलांना सरकारी शाळेतून काढून टाकलं. हिजाबच्या मुलींचं तर विचारूच नका. या मुलांनी शाळा गमावली. चाळणीवाल्याला फोटो काढून झाल्यावर चाळणी स्वयंपाकघरात परत ठेवता येते, आणि त्याचं काहीही बिघडत नाही. जो विनोद कॅन्ससमध्ये बहुसंख्याकांच्या सत्तेला भिडला, तोच विनोद युरोपात जाऊन अल्पसंख्याकांच्या एका कष्टाने मिळालेल्या सवलतीवर बसला. करणाऱ्यांच्या मनात तसं नसेलही. पण हे त्यांना दिसायला हवं होतं.

तरीही न्यायालयांनी ज्या कारणाने त्यांना परत पाठवलं, ते कारण मला स्वस्थ बसू देत नाही. डच न्यायपीठ म्हणालं, या पंथात गांभीर्य आणि सुसंगती नाही. अमेरिकेत नेब्रास्काच्या तुरुंगातल्या एका कैद्याने या पंथाच्या नावाने चाच्यांचा पेहराव आणि साप्ताहिक सभा मागितली, तेव्हा २०१६ मध्ये न्यायाधीश जॉन जेरार्ड यांनी ठरवलं की हा धर्म नाही, धर्म आणि शिक्षण यांबद्दलचा मुद्दा मांडणारं विडंबन आहे. निष्कर्ष बरोबर आहे. कैद्याच्या बाबतीत मीही तोच दिला असता. पण गांभीर्य मोजायचं कसं? हसणारे, नाचणारे, भांग पिणारे, अंगावर राख फासणारे भक्त जगभर आहेत. सुसंगती हा निकष लावला तर कुठला जुना धर्म पास होईल? एखाद्याची श्रद्धा खरी की खोटी हे ठरवायला सरकार बसलं की ते श्रद्धेचा अर्थही ठरवायला लागतं. आपण हे भोगत आहोत. १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालापासून आपलं सर्वोच्च न्यायालय धर्माचा 'अत्यावश्यक भाग' कोणता हे पाहत आलं आहे, आणि त्या ओघात न्यायमूर्तींना ग्रंथ उघडून कोणतं आचरण धर्मात बसतं नि कोणतं नाही याचे निवाडे द्यावे लागले. ते काम शंकराचार्यांचं, मौलवींचं किंवा ज्याचं त्याचं असेल. न्यायालयाचं नाही. चाळणीवाल्यांना साधं उत्तर देता आलं असतं: चेहरा दिसत असेल तर कोणीही काहीही डोक्यावर घाला, दिसत नसेल तर कोणालाच नाही. ऑस्ट्रियाने जाणूनबुजून असो वा नसो, ते दिलं होतं.

विडंबन पुन्हा योग्य जागी लागतं ते जिथे सरकार श्रद्धेला बक्षीस देतं तिथे. न्यूझीलंडने डिसेंबर २०१५ मध्ये या पंथाला लग्न लावायचा अधिकार दिला आणि पुढच्या एप्रिलमध्ये आकारोआ इथे चाच्यांच्या थाटात, बोटीवर पहिलं लग्न लागलं. तिथला कायदा धार्मिक श्रद्धेबरोबर तात्त्विक आणि मानवतावादी विचार मानणाऱ्या संस्थांनाही हा अधिकार देतो, म्हणून नकार द्यायला कारण नव्हतं. मला तो कायदा शहाणा वाटतो. आइसलंडची कथा अधिक बोलकी आहे. तिथे सरकार नोंदलेल्या प्रत्येक धर्मसंस्थेला तिच्या सभासदांच्या संख्येनुसार पैसे देतं, आणि जो कुठल्याच धर्मात नाही त्याचाही कर माफ होत नाही. प्राचीन सुमेरियन देवांच्या नावाने नोंदलेल्या 'झुइझम' या पंथाने २०१५ च्या अखेरीस जाहीर केलं की सरकारकडून येणारे पैसे आम्ही सभासदांना परत करू. साडेतीन लाखांहून कमी वस्तीच्या देशात काही महिन्यांत तीन हजारांवर लोक सुमेरियन झाले. कराची ही पद्धत किती अन्यायाची आहे हे यापेक्षा स्पष्ट कोणी दाखवलं असतं? पण पुढे पंथाच्या चालकांवरच फसवणुकीचा खटला भरला गेला. देणगी आणि अनुदान हातात आलं की विडंबनाच्या धर्मालाही धर्मसंस्थांचे जुने रोग जडतात.

राहिला भाविक. त्याला या सगळ्याने काय सांगितलं?

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी १९५२ मध्ये किटलीचं उदाहरण दिलं होतं: पृथ्वी आणि मंगळ यांच्या मधे एक चिनी मातीची किटली सूर्याभोवती फिरते आहे असं मी म्हटलं, तर ती नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची नाही. स्पॅगेटीचा देव त्याच किटलीचा वंशज. दाव्यांच्या बाबतीत हे पूर्ण खरं आहे. कोणी म्हणालं, अमुक अंगाऱ्याने कॅन्सर बरा होतो, तर पुरावा त्यानेच द्यायचा. पण वारीला निघालेली बाई कुठलाही दावा घेऊन निघालेली नसते. विठ्ठल आहे ही तिची परिकल्पना नसते. तिच्या आईने जे केलं ते ती करते, सोबतच्या बायकांच्या पायाशी पाय मिळवते, मेलेल्या मुलाचं दुःख अठरा-वीस दिवस चालत वाहते. किटली आणि स्पॅगेटी यांना कोणी मुलाचं दुःख सांगत नाही. 'तुमचा देव आणि आमची शेवई, पुरावा दोघांचाही सारखाच' हे वाक्य तर्काने खरं असूनही तिच्या जगण्याला कुठेच शिवत नाही.

श्रद्धेवर विनोद चालतच नाही, असं याचा अर्थ कोणी काढू नये. एकनाथांचं रोडग्याचं भारूड आठवा. सून भवानीला नवस बोलते: सासरा गावाला गेलाय, त्याला तिकडेच संपव, सासू जाच करते, तिला लवकर उचल, नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज होऊ दे, आणि शेवटी नवऱ्यालाही ने. नवसाचं याहून झोंबणारं विडंबन मी वाचलेलं नाही. देवीकडे आपण खरोखर काय मागत असतो, ते एकनाथ तिच्या तोंडून वदवतात. त्यावर पोट धरून हसलेली माणसं दुसऱ्या दिवशी देवळात जातात, आणि त्यातली काही जण मागण्याआधी थोडा विचार करतात. हे विडंबन श्रद्धेच्या आतल्या खोलीपर्यंत पोहोचतं, कारण करणारा त्याच घरातला आहे आणि त्याला त्या बाईची कळकळ आहे. हेंडरसनच्या पंथाकडे ही कळकळ नाही. त्याने तिचा आवही आणला नव्हता. आव त्याच्या चाहत्यांनी आणला, आणि सरकारला लिहिलेलं पत्र ते शेजारच्या भाविकाच्या दारात टाकू लागले.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादला म्हणाले की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठे लिहिलेलं नाही, आणि शाळा-कॉलेजांत हे बदललं पाहिजे. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्यांना खोडून काढलं. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. अभ्यासाचा भार कमी केला, असं कारण सांगितलं, आणि बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे असंही. दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलांना तो आता कुठे भेटणार, याला उत्तर आलं नाही. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मध्ये 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे, आणि तो तिथेच राहिला पाहिजे.

आपल्याकडे कोणी चाळणी घालून आरटीओत जावं असं मला वाटत नाही. सरळ मागणं मागायची वाट इथे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं की सरकारी अर्जात 'कोणताही धर्म नाही' असं लिहायचा नागरिकाला अधिकार आहे. त्यासाठी शेवयांचा पंथ काढावा लागला नाही. पण उद्या एखाद्या तरुणाने हेंडरसनसारखं पत्र इथल्या अभ्यास मंडळाला लिहिलं, तर त्याचं काय होईल, याची मला खरी काळजी आहे. धर्मभावना दुखावण्याचं दंड संहितेतलं १९२७ चं कलम २९५-अ आता भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाने आलं आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने अपमान केला असेल तरच ते लागतं, आणि न्यायालयाने दखल घ्यायला सरकारची परवानगी लागते. पण एफआयआर नोंदवायला आणि अटक करायला ती लागत नाही, आणि बहुतेकांची शिक्षा तिथेच भोगून होते. सरकारी मंडळाला अभ्यासक्रमाबद्दल लिहिलेलं पत्र हे नागरिकाचं निवेदन आहे, मग त्यात विनोद असो की देव. ते घेऊन कोणी तक्रार द्यायला आलं, तर ठाणे अंमलदाराने गुन्हा नोंदवण्याआधी पत्र कोणाच्या नावे आहे ते वाचावं, आणि तक्रारदाराला शिक्षण मंडळाकडे पाठवावं.